फोनमधलं पंचांग आणि केरूनाना छत्रे

मागच्या संकष्टीला आमच्या वाघोलीच्या सोसायटीत शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. त्यांच्या फोनवर चंद्रोदयाची एक वेळ, काकांच्या फोनवर दुसरी. फरक चार मिनिटांचा. दिवसभराचा उपास, ताटं वाढलेली, आणि घरात वाद. मी सेटिंग बघितलं. काकांच्या ॲपमध्ये शहर मुंबई होतं. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात आणि वाघोली मुंबईच्या साधारण एक अंश पूर्वेला आहे. त्यामुळे चंद्र आपल्याकडे थोडा आधी उगवतो. शहर बदललं, वाद मिटला.

पण पंचांगाचे सगळे वाद इतक्या सहज मिटत नाहीत. हा अनुभव दीडशे वर्षांपूर्वी एका मोठ्या गणितज्ञाला आला. त्यांचं नाव केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे. लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून तुम्ही हे नाव ऐकलं असेल.

केरूनानांचा जन्म 1825 सालचा, अलिबागजवळच्या नागावचा. लहानपणीच आई-वडील गेले आणि मुंबईला चुलत्यांकडे ते वाढले. एल्फिन्स्टनमध्ये शिकले. 1840 मध्ये, म्हणजे आपण दहावीत असतो त्या वयात, ते कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला लागले. तिथलं काम म्हणजे आकाश, हवामान, चुंबकत्व यांच्या नोंदी ठेवणं. आकडा मनाने ठरवायचा नाही, यंत्रात दिसेल तोच लिहायचा, ही सवय त्यांना तिथे लागली असणार.

पुढे ते पुण्याला आले. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात आणि डेक्कन कॉलेजात त्यांनी गणित आणि विज्ञान शिकवलं. शाळेच्या मुलांसाठी मराठीत पुस्तकं लिहिली. सूर्यावरच्या डागांचा हवामानाशी काही संबंध आहे का, याचाही अभ्यास केला.

आता मुद्द्याकडे येऊ. त्या काळी महाराष्ट्रात पंचांगं बनायची ती गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव' या ग्रंथावरून. ग्रंथ 1520 चा, आणि अफलातून. ज्याला आपण साइन म्हणतो ती भानगडच त्यात नाही. सोप्या गुणाकार-भागाकारांनी ग्रहांची जागा काढता येते. आजच्या भाषेत सांगायचं तर कमी ताकदीच्या फोनवरही झटपट चालणारं ॲप! पण अशा गणितात छोटी चूक दरवर्षी साचत जाते. तीनशे वर्षांनी पंचांगातले ग्रह आणि आकाशातले ग्रह वेगळ्या जागी दिसायला लागले.

केरूनानांनी युरोपातल्या ताज्या कोष्टकांच्या आधारे 1860 मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ मराठीत काढला. 1865 पासून त्यांच्या गणिताचं पंचांग छापून यायला लागलं. आबासाहेब पटवर्धनांचा त्याला आधार होता, म्हणून ते पटवर्धनी पंचांग. केरूनानांना धर्म मोडायचा नव्हता. व्रत तिथीला करायचं असेल तर ती तिथी आकाशात खरोखर असली पाहिजे, एवढंच त्यांचं काम सांगत होतं.

तरीही बहुतेक लोक जुन्या पंचांगालाच धरून राहिले. का?

कारण नव्या पंचांगात दोन बदल एकत्र होते. पहिला बदल अचूक गणिताचा. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर. दर 12 अंशांना एक तिथी. हे आकाशात तपासता येतं. दुसरा बदल शून्याचा. राशी मोजायला कुठून सुरुवात करायची? केरूनानांनी रेवतीतला एक विशिष्ट तारा धरला. त्यामुळे त्यांचा शून्य रूढ पंचांगापेक्षा सुमारे 4 अंशांनी सरकला.

याने काय होतं? नगर रस्त्याचा विचार करा. वाघोली ते शिक्रापूर अंतर काढताना किलोमीटरचे दगड पुण्यात कुठून मोजायला घेतले याने काही बिघडत नाही. म्हणून तिथी बदलत नाही. पण वाघोलीच्या दगडावर कुठला आकडा येणार, हे मात्र सुरुवातीवर ठरतं. राशींचं तसंच आहे. सूर्य दिवसाला साधारण एक अंश सरकतो, म्हणून मकर संक्रांत चार दिवस आधी आली. अधिक महिना संक्रांतीवरून ठरतो, त्यामुळे काही वर्षी सणच महिन्याने वेगळे पडायला लागले.

पहिला बदल बरोबर की चूक ते आकाश सांगतं. दुसरा बदल हा ठरावाचा प्रश्न. त्यात दुर्बीण निकाल देत नाही, सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज बघतो. एकाच अपडेटमध्ये बग दुरुस्त केला आणि लोकांच्या हातात बसलेली सवयही बदलली, तर लोक अख्खं अपडेटच नाकारतात. मला वाटतं, पटवर्धनी पंचांगाचं तसंच झालं.

1879 मध्ये केरूनाना निवृत्त झाले आणि 1884 मध्ये गेले. त्यांच्या शिष्याने, टिळकांनी, हे काम पुढे नेलं. 1904 मध्ये मुंबईत ज्योतिष परिषद भरली. रेवतीचा शून्य आजही टिळक पंचांगात आहे आणि काही घरं त्याप्रमाणेच सण करतात. बाकी बहुतेकांनी चित्रा ताऱ्यावरून ठरणारा शून्य घेतला. 1952 मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनेही त्याच बाजूचा आकडा धरला.

म्हणजे शून्याच्या वादात केरूनाना मागे पडले. पण ग्रह जिथे दिसतात तिथेच पंचांगात असावेत, हा त्यांचा आग्रह आज तुमच्या फोनमधल्या बहुतेक पंचांगांत गपचूप चालू आहे.

तेव्हा दोन ॲपमध्ये फरक दिसला, तर आधी शहर बघा. मग सेटिंगमध्ये 'अयनांश' कुठला आहे ते बघा. तो म्हणजेच हा शून्य. आणि चंद्रोदयाची शंका असेल तर सरळ गच्चीवर जा. काकूंना मी तेच सांगितलं. त्या गेल्या, पण आकाशात ढग होते. शेवटी ॲपवरच विश्वास ठेवून जेवल्या.