भास्कराचार्य आणि १३ चा सामाईक अवयव

बहुपदीतून सामाईक अवयव बाहेर काढायला तुम्ही वर्गात शिकलात ना? ६य² + ९य दिसलं की मसावि ३य बाहेर, कंसात २य + ३. झालं! या साध्या पायरीला फार मोठं महत्त्व देणाऱ्या एका गणितज्ञाची आज ओळख करून घेऊ.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. गाव सह्याद्रीजवळचं विज्जडवीड. ते नेमकं कुठलं, यावर विद्वानांत वाद आहे. कोणी चाळीसगावजवळचं पाटण म्हणतं, कोणी विजापूर. आपण मंद्रूपकर, आपल्याला विजापूरच जवळचं वाटणार! पण सह्याद्री तिथून लांब, म्हणून मला पाटणचं पारडं जड वाटतं.

गणित त्यांना वडील महेश्वरांनी शिकवलं. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग. (लीलावतीच्या मोडलेल्या लग्नाची गोष्ट मात्र मूळ ग्रंथात नाही, ती फैजीच्या फारसी भाषांतरातून आली.) आपण जिथे य, र लिहितो तिथे ते या, का, नी लिहीत. का म्हणजे कालक, नी म्हणजे नीलक. चक्क रंगांची नावं!

आता 'लीलावती'तलं एक उदाहरण बघा. २२१ ला कितीने गुणून त्यात ६५ मिळवले, की १९५ ने निःशेष भाग जाईल? आपल्या पद्धतीने मांडू:

२२१या + ६५ = १९५का

भास्कराचार्य सांगतात, आधी सामाईक अवयवाने भागा. याला ते अपवर्तन म्हणतात. इथे तो अवयव १३:

१३(१७या + ५) = १३ × १५का

उरलं १७या + ५ = १५का. या = ५, का = ६. ताळा करा, ११७० दोन्हीकडे येतात.

आता ६५ च्या जागी ६६ घ्या. १३ ने ६६ ला भाग जात नाही. बरीच मुलं काय करतात, दोन पदांना भागतात अन् तिसरं तसंच ठेवतात: १७या + ६६ = १५का. गंमत म्हणजे याचं उत्तरही येतं, या = १२, का = १८. पण मूळ समीकरणात घालून बघा. डावीकडे २७१८, उजवीकडे ३५१०! भास्कराचार्यांनी हे आधीच बजावलंय: पहिल्या दोघांना भागणारा अवयव तिसऱ्याला भागत नसेल, तर प्रश्नच दुष्ट, म्हणजे सदोष. पूर्णांकात त्याला उत्तरच नाही.

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिला. मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी होता, तर नातू चांगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी. याच चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. त्याचा १२०७ चा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. लेख संस्कृतात आहे, पण मठाला दिलेल्या दानांचा शेवटचा भाग जुन्या मराठीत कोरलाय.