आकड्यांचा अभ्यासक, टाक्यांचा संग्राहक

रँग्लर ही उपाधी मराठी माणसाला आपलीशी वाटू लागली ती रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे. १८९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत त्यांनी संयुक्तपणे पहिला क्रमांक पटकावला. त्याच परीक्षेत १८७१ साली दुसरे आलेले जेम्स व्हिटब्रेड ली ग्लेशर गणिताच्या अभ्यासकांना परिचित आहेत. शाळकरी मुलींच्या जुन्या भरतकामाचे संग्राहक ही त्यांची दुसरी ओळख मात्र काहीशी दुर्लक्षितच राहिली.

ग्लेशर यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८४८ रोजी लंडनजवळील लुईशॅम येथे झाला. वडील हवामानशास्त्रज्ञ. १८६२ मध्ये बलूनमधून प्रचंड उंची गाठताना ते बेशुद्ध पडले आणि थोडक्यात बचावले. मुलाने आकाशाऐवजी आकड्यांची वाट धरली. ट्रिनिटी कॉलेजात तो शिकला, तेथेच शिकवू लागला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. ग्लेशर अविवाहित होते. १८७५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, तर १९१३ मध्ये त्यांना सिल्व्हेस्टर पदक मिळाले. गणिती कोष्टके हा त्यांच्या खास आस्थेचा विषय. गणिताच्या दोन नियतकालिकांचे संपादन त्यांनी अनेक दशके सांभाळले. त्यांपैकीच एका त्रैमासिकात १९१४ मध्ये श्रीनिवास रामानुजन यांचा ‘पाय’च्या किमतीविषयीचा प्रसिद्ध शोधनिबंध छापून आला.

अध्यापन आणि संपादन यांतून उरणारा वेळ ते संग्रहाला देत. इंग्लंडमधील जुनी मातीची भांडी हे त्यांचे पहिले वेड. त्याच्या जोडीला आले सॅम्पलर, म्हणजे भरतकामाचे नमुनापट. सतराव्या शतकात हे पट लांबट, अरुंद आणि गुंडाळून ठेवण्याजोगे असत. एकाखाली एक नक्षीच्या ओळी भरून टाक्यांची जणू वहीच तयार केली जाई. अठराव्या शतकात त्यांचा आकार चौकोनी झाला आणि ते मुलींच्या शाळेतील पाठ बनले. कापडाचे धागे मोजून फुलीच्या टाक्याने मुळाक्षरे आणि आकडे भरायचे, त्याखाली एखादे धार्मिक पद्य आणि शेवटी आपले नाव, वय व साल.

यामागे कठोर व्यवहार होता. श्रीमंत घरांतील चादरी, रुमाल धुलाईत हरवू नयेत म्हणून त्यांवर आद्याक्षरे आणि क्रमांक भरले जात. हे काम येणाऱ्या गरीब मुलीला नोकरी मिळणे सोपे जाई. त्यामुळे अनाथालयांतही हा पाठ सक्तीने गिरवला जाई. आठ-दहा वर्षांच्या त्या मुलींपैकी कित्येकींच्या आयुष्याची खूण म्हणून एवढाच कापडाचा तुकडा मागे उरला आहे.

घरोघरी पेटीत पडून राहिलेल्या या वस्तूंना कलेचा दर्जा द्यायला फारसे कोणी तयार नव्हते. १९०० मध्ये लंडनच्या फाइन आर्ट सोसायटीत त्यांचे प्रदर्शन भरले, मार्कस ह्यूश यांचे पुस्तक आले आणि संग्राहकांची नजर त्यांच्याकडे वळली. ग्लेशर यांनी नामवंत चित्रकारांची चित्रे जमविण्यापेक्षा कुंभाराचे ताट आणि मुलीचा पट यांवर आपला पैसा व वेळ खर्च केला.

७ डिसेंबर १९२८ रोजी ग्लेशर यांचे केंब्रिजमध्ये निधन झाले. सुमारे तीन हजार भांडी आणि सॅम्पलर त्यांच्या मृत्युपत्रानुसार विद्यापीठाच्या फिट्झविल्यम संग्रहालयाला मिळाले. १९३८ मध्ये लाँगमन संग्रहाची त्यात भर पडली आणि नमुनापटांच्या अभ्यासकांसाठी हे संग्रहालय महत्त्वाचे ठिकाण ठरले.

या देणगीला आणखी एक संदर्भ आहे. १८९० मध्ये फिलिपा फॉसेट हिने गणितात पहिल्या रँग्लरपेक्षाही अधिक गुण मिळविले, तरी केंब्रिजने तिला पदवी दिली नाही. स्त्रियांना तेथे पूर्ण पदवी मिळू लागली ती १९४८ मध्ये. म्हणजे ज्या विद्यापीठाने मुलींना बरोबरीचे स्थान नाकारले होते, त्याच विद्यापीठात मुलींनी सुईने लिहिलेली मुळाक्षरे वीस वर्षे आधीच दाखल झाली होती.

संगणक आल्यावर ग्लेशर यांच्या जिव्हाळ्याच्या कोष्टकांची गरज संपली. त्यांनी सांभाळलेल्या पटांवरील ती छोटी नावे मात्र आजही वाचता येतात.