शिकारी महाराज आणि जंगलाचे राखणदार

उज्जैनला गेलेला मराठी माणूस महाकालानंतर भैरवगढला जातोच. तिथला काळभैरव म्हणजे नगरीचा कोतवाल, राखणदार. दर्शन घेऊन बरेच जण परत फिरतात. पण शिप्रेच्या काठाने थोडं पुढे गेलं की कालियादेह महाल लागतो. माळव्याच्या सुलतानांचा हा महाल पडीक झाला होता. १९२० मध्ये तो दुरुस्त करून घेतला ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी. आजची गोष्ट त्यांची.

माधवरावांचा जन्म १८७६ चा. वडील जयाजीराव १८८६ मध्ये वारले, तेव्हा हा मुलगा जेमतेम नऊ वर्षांचा. १८९४ मध्ये कारभार हातात आला आणि मग त्यांनी उसंत घेतली नाही. छोट्या रुळांची रेल्वे, धरणं, शाळा, सगळीकडे त्यांचं जातीने लक्ष असे. शिवपुरीला त्यांनी उन्हाळी राजधानी वसवली. तिथल्या तलावाला आईचं नाव दिलं, सख्यासागर.

शिवपुरीचं जंगल मात्र त्यांच्यासाठी शिकारीचं रान होतं. त्यांनी शेकडो वाघ मारले. पाहुणा मोठा असला की वाघाची शिकार हाच पाहुणचार! शिकारखान्याची माणसं रान राखत, पण ते महाराजांच्या बंदुकीसाठी. गावकऱ्याला मज्जाव, राजाला मोकळीक.

याच माणसाने एक वेगळा प्रयोगही केला. त्या भागातून सिंह केव्हाच नाहीसे झाले होते. लॉर्ड कर्झनच्या सल्ल्यावरून महाराजांनी आफ्रिकेतून सिंह आणवले, आधी भक्कम कुंपणात ठेवले आणि नंतर कुनोच्या बाजूच्या जंगलात सोडले. पुढे काय झालं? सिंह गुरांवर पडले, माणसांवरही पडले. लोक घाबरले, चिडले. प्रयोग फसला, सिंह तिथे टिकले नाहीत. पैसा होता, हौस होती, सत्ताही होती. मला वाटतं, उणीव होती ती जनावर आणि गाव यांच्या मधे रोज उभं राहणाऱ्या माणसाची.

१९२५ मध्ये पॅरिसला महाराजांचं निधन झालं, वय अवघं ४८. शिवपुरीत त्यांची छत्री आईच्या छत्रीसमोर उभी आहे. त्यांचं शिकारीचं रान १९५८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्याला नाव मिळालं माधव. २०२५ मध्ये ते व्याघ्र प्रकल्पही झालं. ज्या रानात महाराज वाघ टिपत, तिथे आता वनरक्षक वाघाचे ठसे टिपतात. शेजारच्या कुनोत २०२२ मध्ये आफ्रिकेतून चित्ते आले. या वेळी त्यांच्या मागावर रात्रंदिवस माणसं आहेत आणि गावोगावी चित्तामित्रही नेमलेत.

या माणसांची नावं आपल्याला ठाऊक नसतात. वाघाचा फोटो आपण लगेच फॉरवर्ड करतो, गार्डचा कोण करतो? त्यांच्या बाजूने बोलायला १९९२ मध्ये इंटरनॅशनल रेंजर फेडरेशन ही जगभरच्या रेंजरांची संघटना उभी राहिली. चांगली साधनं, विमा, प्रशिक्षण, मान यांसाठी ती झगडते आणि कामावर असताना जीव गमावलेल्यांची दरवर्षी नोंद ठेवते. ३१ जुलैचा जागतिक रेंजर दिन हा तिचाच.

बायबलच्या सुरुवातीलाच देव माणसाला बागेत ठेवतो तो तिची मशागत आणि राखण करायला. मालक म्हणून नाही, कारभारी म्हणून. माधवराव उत्तम कारभारी होते. पण जंगलाचे ते मालकच राहिले. त्यांच्या नावाच्या जंगलात राखणीचं काम आज पायी गस्त घालणारा वनरक्षक करतोय. पुढच्या वेळी कुठल्याही अभयारण्यात गेलात, तर वाघ दिसला का, एवढंच विचारून थांबू नका. त्याला त्याचं नावही विचारा.