फॉन्ट, कर्निंग, लीडिंग: हे शब्द जिथून आले, तिथला एक मराठी माणूस

मोबाईलवर बॅनर बनवताना 'फॉन्ट' बदलणं कर्जतच्या कुठल्याही पोराला येतं. पण फॉन्ट म्हणजे मुळात काय? ओतलेली वस्तू! 'ओतणे' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून तो आलाय. एका मापाची, एका वळणाची, धातूत ओतलेली सगळी अक्षरं मिळून एक फॉन्ट. मराठीत हे ओतकाम नावारूपाला आणलं जावजी दादाजी चौधरी यांनी.

जन्म १८३९, मुंबई. घरी गरिबी, शिक्षण जेमतेम. साधारण दहाव्या वर्षी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायला लागले. याच मिशनने १८४२ मध्ये आपल्या नगरमधून 'ज्ञानोदय' सुरू केलं होतं. काम कंटाळवाणं: ओतलेल्या खिळ्यांच्या कडा घासून सारख्या करायच्या. कारण एक खिळा जरी वर-खाली झाला, तरी अख्खी ओळ बिघडते.

आता आपले शब्द बघा. अक्षराचा जो भाग खिळ्याच्या बाहेर डोकावतो, तो 'कर्न', त्यावरून कर्निंग. दोन ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालायचे. शिसं म्हणजे 'लेड', म्हणून लीडिंग. वेबवर तेच अंतर आपण लाइन-हाइटने कमी-जास्त करतो. इंग्रजीची मोठी अक्षरं वरच्या खणात, छोटी खालच्या. म्हणून अपरकेस, लोअरकेस. मराठीत ही भानगडच नाही, त्यामुळे वेबपेजवर 'अपरकेस' लावलं तरी मराठी मजकूर जसाच्या तसा राहतो.

पण मराठीचा त्रास वेगळा. वेलांट्या, मात्रा, जोडाक्षरं! इंग्रजीच्या कितीतरी पट खिळे लागायचे. जावजींनी १८६४ मध्ये स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला. अक्षरांचे साचे कोरण्यात त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू पटाईत होते. १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू झाला. १८८६ पासून त्यांनी 'काव्यमाला' काढून जुनी संस्कृत काव्यं छापली. फारसं शिक्षण न मिळालेल्या माणसाची पुस्तकं मोठमोठे पंडित वापरू लागले, कारण अक्षर रेखीव आणि छपाई शुद्ध.

१८९२ मध्ये जावजी गेले. खिळेही गेले. शब्द मात्र आपल्या फोनमध्ये राहिले. पुढच्या वेळी बॅनरवरची वेलांटी शेजारच्या अक्षरावर चढली, तर घाई करू नका. ती नीट बसवा. कुणीतरी पोरवयात हेच हातानं घासून शिकलं होतं.