चार्ल्सनं घराचा पत्ता खोटा का सांगितला?

कॉलेज सुटल्यावर मित्र म्हणाला, चल, तुला घरापर्यंत सोडतो, तर तुम्ही काय कराल? बहुतेक त्याला चहालाच घेऊन जाल. १८२४ साली लंडनमधल्या एका बारा वर्षांच्या मुलावर हीच वेळ आली आणि त्याच्या पोटात गोळा आला.

त्या दिवशी काम करताना त्याच्या कुशीत जोराची कळ आली होती. बॉब फेगिन नावाच्या सोबत्यानं त्याला पेंढ्यावर निजवलं आणि गरम पाण्याच्या बाटल्यांनी अर्धा दिवस शेकलं. संध्याकाळी याला एकटं कसं पाठवायचं, म्हणून बॉब बरोबर निघाला. मुलानं वाटेत निरोप घ्यायचा खूप प्रयत्न केला, पण बॉब कसला ऐकतोय! शेवटी साउथवर्क पुलाजवळच्या एका अनोळखी घराच्या पायरीवर तो थांबला. हेच आपलं घर असं भासवून त्यानं बॉबचा हात हातात घेतला. बॉब मागे वळून बघेल या भीतीनं त्यानं दारही वाजवलं. दार उघडणाऱ्या बाईला काय सांगणार? त्यानं विचारलं, बॉब फेगिनचं घर हेच का?

एवढा खटाटोप कशासाठी? कारण त्याचं कुटुंब तिथून जवळच, मार्शलसी नावाच्या तुरुंगात राहत होतं.

हा मुलगा म्हणजे चार्ल्स डिकन्स. 'ऑलिव्हर ट्विस्ट' तुम्ही वाचलं नसेल, तरी वाडगा पुढे करून आणखी थोडं खायला मागणारा तो पोरगा तुम्हाला नक्की माहीत असेल. पण ते लिहिणाऱ्याच्या लहानपणातले हे काही महिने फारसे कुणाला ठाऊक नसतात.

चार्ल्सचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ चा, पोर्ट्समथचा. वडील जॉन नौदलाच्या पगार कचेरीत कारकून. नोकरी बरी, माणूस दिलदार, पण हात सैल. आठ भावंडांत चार्ल्स दुसरा. लंडनला आल्यावर देणी वाढत गेली. आईनं मुलींची शाळा काढायचं ठरवलं. दारावर पितळी पाटी लागली, चार्ल्सनं घरोघरी पत्रकं वाटली, पण एकही मुलगी आली नाही. मग घरातली एकेक वस्तू विकायची पाळी आली. चार्ल्सची लाडकी पुस्तकंही गेली आणि दुकानात ती पोचवायचं कामही त्याच्याच वाट्याला आलं.

बाराव्या वाढदिवसाच्या सुमारास त्याला बुटाचं काळं पॉलिश बनवणाऱ्या वॉरन्स नावाच्या कारखान्यात धाडलं गेलं. थेम्सच्या काठावरची पडकी इमारत, जिन्यात आणि तळघरात उंदीरच उंदीर. बरण्यांची तोंडं कागदानं बांधायची, वर लेबल चिकटवायचं. पगार आठवड्याला सहा-सात शिलिंग.

मग २० फेब्रुवारी १८२४ ला वडिलांना अटक झाली. गुन्हा काय, तर एका बेकरीवाल्याचे सुमारे ४० पौंड थकले होते. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये देणं फेडलं नाही की तुरुंग. आत गेल्यावर कमावणार कसं आणि फेडणार कसं, हे विचारायचं नाही. काही आठवड्यांत आई आणि लहान भावंडंही तुरुंगातल्या खोलीत राहायला गेली, कारण बाहेर भाडं भरायला पैसे नव्हते. चार्ल्स बाहेरच राहिला. आधी कॅम्डन टाउनमध्ये एका बाईंकडे, मग तुरुंगाजवळच्या लँट स्ट्रीटवर माळ्यावरच्या खोलीत. सकाळी तुरुंगात जाऊन आई-वडिलांबरोबर न्याहारी, दिवसभर कारखाना आणि रात्री तुरुंगाचं फाटक बंद व्हायच्या आत परत खोलीवर.

आता जरा थांबून विचार करा. वडिलांना पकडणारा अधिकारी होता, डांबणारं कोर्ट होतं, दाराला कुलूप लावणारा पहारेकरी होता. प्रत्येकाला आपलं काम नेमकं माहीत होतं. पण या माणसाचा मुलगा आज कुठे झोपेल, जेवेल काय, शाळेत जाईल का, हे विचारणं कुणाचंच काम नव्हतं.

स्थानिक कारभार नव्हता असं नाही. पॅरिश होती, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या वस्तीचा कारभार पाहणारी व्यवस्था. अनाथ, निराधारांची सोय तिच्याकडेच. पण ती सोय म्हणजे वर्कहाउस. उपाशी माणसानंसुद्धा तिथे जाताना दहादा विचार करावा, अशी जागा. डिकन्सांच्या घरात कामाला असलेली पोरगी चॅटमच्या वर्कहाउसमधूनच आलेली. आणि 'ऑलिव्हर ट्विस्ट' मध्ये आणखी खायला मागितल्यावर काय होतं, आठवतंय? या मुलाला जो घेऊन जाईल त्याला पाच पौंड मिळतील, अशी पाटीच लागते. पॅरिशला मुलगा सांभाळायचा नव्हता, खपवायचा होता.

साधारण तीन महिन्यांनी जॉन डिकन्स सुटले. मधल्या काळात आजी वारल्या होत्या आणि थोडी मिळकत मागे ठेवून गेल्या होत्या. पण चार्ल्सचं काम लगेच थांबलं नाही. पुढे वडिलांचं कारखान्यातल्या नातेवाइकाशी भांडण झालं, तेव्हाच त्याची सुटका झाली. त्यातही आईचं मत होतं, त्यानं परत कामाला जावं. आईचं हे मत तो जन्मभर विसरला नाही. वडिलांनी मात्र त्याला शाळेत घातलं. पंधराव्या वर्षी वकिलाकडे कारकून, मग लघुलेखन शिकून पत्रकार आणि पंचविशीच्या आत 'पिकविक पेपर्स' चा लेखक. पुढचं सगळं जगाला माहीत आहे.

'ऑलिव्हर ट्विस्ट' १८३७ पासून क्रमशः येऊ लागलं. पोरांना खिसे कापायला शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला त्यानं नाव दिलं फेगिन. ज्या मुलानं शेकलं, त्याचंच नाव! का, यावर आजही तर्क लढवले जातात. त्या बॉबनं कळत-नकळत त्याचं गुपित उघडं पाडायची वेळ आणली होती, एवढं मात्र खरं.

नुसतं लिहून तो गप्प बसला नाही. १८४७ मध्ये अँजेला बर्डेट-कूट्स या श्रीमंत बाईंच्या पैशांवर त्यानं लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात 'युरेनिया कॉटेज' सुरू केलं. तुरुंगातून सुटलेल्या, रस्त्यावर आलेल्या, किरकोळ चोरीत सापडलेल्या तरुण मुलींसाठी हे घर होतं. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना भेटून, मुलींशी स्वतः बोलून तो निवड करायचा. कपडे रंगीत हवेत, हा त्याचा हट्ट. लिहायला-वाचायला, स्वयंपाक, शिवण शिकवायचं आणि मग ऑस्ट्रेलियासारख्या दूरच्या वसाहतीत नवं आयुष्य सुरू करायला पाठवायचं. पहिल्या काही वर्षांतल्या ५६ मुलींपैकी ३० जणींचं बरं चाललं, असा हिशेब त्यानं १८५३ मध्ये मांडला. काही पळून गेल्या, काहींना काढून टाकावं लागलं, हेही लपवलं नाही. घराचा एक नियम होता, आपल्या भूतकाळाबद्दल कुणी एकमेकींशी बोलायचं नाही. हा नियम कुणाला सुचला असेल, हे आता तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पण १८५८ मध्ये डिकन्सचा स्वतःचा संसार मोडला. बायकोपासून तो वेगळा झाला आणि त्याच सुमारास युरेनिया कॉटेजमधूनही त्याचा पाय निघाला. काही वर्षांत ते घर बंद पडलं. एका भल्या माणसाच्या जिवावर चालणारं काम त्या माणसाच्या घरच्या वादळात वाहून जातं, ते असं.

कायदा हळूहळूच बदलला. १८५४ मध्ये इंग्लंडमध्ये गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी सुधारगृहांचा कायदा झाला, पण त्यातही आधी किमान १४ दिवस तुरुंगात काढायची अट होती. मुलांची वेगळी न्यायालयं आली ती १९०८ च्या कायद्यानं. आणि १९९८ च्या कायद्यानं इंग्लंड-वेल्समधल्या नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांवरच जबाबदारी टाकली. अशा मुलांसाठी समाजसेवक, पोलिस, शिक्षण आणि आरोग्य खात्याची माणसं मिळून पथक नेमायचं, म्हणजे नेमायचंच. कुणाच्या मनात दया आली तर, असा प्रश्नच ठेवला नाही. आई-बाप तुरुंगात गेलेल्या मुलांची आपोआप नोंद व्हायची सोय मात्र तिथेही पुढे कितीतरी वर्षं नव्हती.

आणि आपल्याकडे? कायद्यानं बाल न्याय मंडळ आहे, बाल कल्याण समिती आहे, जिल्ह्याजिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष आहे. आई तुरुंगात असेल तर सहा वर्षांपर्यंतचं मूल तिच्याजवळ राहू शकतं. बाहेर राहिलेल्यांसाठी राज्याची बाल संगोपन योजना आहे आणि १०९८ ही हेल्पलाइनही. पण या मुलाला मदत हवी आहे, हे त्या कक्षाला कुणीतरी कळवावं लागतं. तो स्वतः येऊन सांगणार नाही. चार्ल्सनं तरी कुठे सांगितलं होतं?

९ जून १८७० ला डिकन्स गेला. 'लिटल डॉरिट' या कादंबरीत त्यानं मार्शलसीत वाढलेल्या मुलीची अख्खी कहाणी लिहिली, पण ते आपलंही दुःख आहे, हे वाचकांना कळू दिलं नाही. मित्र जॉन फॉर्स्टरनं लिहिलेलं चरित्र पुढच्या वर्षी येऊ लागलं, तेव्हा कुठे लोकांना ते समजलं. जगभर नाव झालेल्या माणसाला वडिलांच्या तुरुंगाचा विषय हयातभर उघडपणे काढता आला नाही.

मार्शलसीची एक भिंत साउथवर्कमध्ये अजून उभी आहे. तुमच्या वर्गातही कुणी घरी बोलवायचं टाळत असेल, पत्ता विचारला की विषय बदलत असेल. त्याला खोदून विचारू नका. पण बॉबसारखं शेकायला बसा, आणि तो नको म्हणाला तर त्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्या. कधी त्याला बोलावंसं वाटलंच, तर कुठे जायचं ते सांगता येण्याइतकी माहिती मात्र आपल्याकडे हवी.