बिशप अझरिया व त्यांचे सोबती

मंडळीचें काम पाळकानें करावें व इतरांनीं केवळ ऐकावें, अशी समजूत पुष्कळ ठिकाणीं आढळते. ही समजूत ज्यांनीं आपल्या आयुष्यानें खोटी ठरविली, त्यांपैकीं बिशप अझरिया हे एक होत.

तिनेवेल्ली जिल्ह्यांतील एका खेड्यांत १८७४ सालीं त्यांचा जन्म झाला. वडील तेथील अँग्लिकन पाळक होते. मद्रास येथें शिक्षण झाल्यावर अझरिया वाय. एम. सी. ए. चे चिटणीस झाले. १९०३ सालीं त्यांनीं आपल्या प्रांतीं इंडियन मिशनरी सोसायटी स्थापण्यांत पुढाकार घेतला. तिचा पैसा हिंदी लोकांचा व कार्यकर्तेहि हिंदीच. त्या वेळीं ते स्वतः पाळक नव्हते, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. सोसायटीनें निजामच्या राज्यांतील डोर्नकल हें क्षेत्र निवडलें. दुसऱ्यांना पाठवून आपण मागें राहावें, हें त्यांच्या मनास रुचेना. म्हणून १९०९ सालीं दीक्षा घेऊन ते तिकडे गेले.

पुढच्याच वर्षीं एडिंबरो येथील परिषदेंत त्यांनीं पाश्चात्य मिशनऱ्यांपाशीं बरोबरीच्या स्नेहाची मागणी केली. कित्येकांना ती झोंबली. १९१२ सालीं ते बिशप झाले. अँग्लिकन मंडळींत हें पद मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ.

जो स्नेह त्यांनीं वरिष्ठांपाशीं मागितला, तोच त्यांनीं हाताखालच्यांना दिला. खेडीं दूरदूर व पाळक थोडे. पवित्र संस्कार पाळकानेंच करावयाचे. परंतु गांवीं राहून मुलांना शिकविणें व रोजची प्रार्थना चालविणें हें शिक्षकाकडे असे. १९३५ च्या सुमारास २५० हिंदी पाळक व २,००० हून अधिक ग्रामशिक्षक त्यांच्याबरोबर राबत होते. म्हणजे एका पाळकामागें आठ शिक्षक! त्यांच्या पत्नी अन्बू या पाळक होऊं पाहणाऱ्यांच्या स्त्रियांना शिकवीत. शिवाय वर्षांतून एक आठवडा प्रत्येक बाप्तिस्मा झालेल्या स्त्रीपुरुषानें शेजाऱ्यांना आपल्या विश्वासाविषयीं सांगावें, असा परिपाठ त्यांनीं पाडला. निरक्षर मजूरहि त्यांतून सुटला नाहीं, व त्यामुळेंच मंडळी आपली आहे असें त्याला वाटूं लागलें.

१ जानेवारी १९४५ रोजीं त्यांचें देहावसान झालें. विद्यार्थिमित्रहो, पद एकाचें असलें तरी काम सर्वांचें असतें. घंटा वाजविणारा, हिशेब ठेवणारा, आजाऱ्याची विचारपूस करणारा, हे सर्व पाळकाचे सोबती होत. आपल्या वांट्याचें काम कोणतें, हें ज्यानें त्यानें शोधावें.