हवेची नोंद ठेवणारा शास्त्रज्ञ : चार्ल्स डेव्हिड कीलिंग

हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढत आहे, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मात्र १९५०च्या दशकात याविषयी शास्त्रज्ञांतही एकवाक्यता नव्हती. ठिकठिकाणचे आकडे परस्परांशी जुळत नसत. इंधनाच्या ज्वलनातून निघणारा बहुतेक वायू समुद्र शोषून घेत असावा, असाच समज रूढ होता. ही संदिग्धता अचूक मोजमापाने दूर केली ती चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी.

कीलिंग यांचा जन्म २० एप्रिल १९२८ रोजी अमेरिकेतील स्क्रँटन येथे झाला. रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविल्यावर त्यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत या वायूचे सूक्ष्म मापन करणारे उपकरण स्वतः तयार केले. पुढे रॉजर रेव्हेल यांनी त्यांना स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत बोलावून घेतले. मार्च १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, नोंदी सुरू झाल्या. शहरे व अरण्ये यांपासून दूर असलेल्या या ठिकाणी पहिली नोंद झाली ती हवेच्या दहा लाख भागांत ३१३ भागांची.

लवकरच त्या आकड्यांत एक लय आढळली. उत्तर गोलार्धात झाडे बहरली की वायूचे प्रमाण घटे आणि पानगळीनंतर ते पुन्हा वाढे. जणू पृथ्वीचा श्वासोच्छ्वासच! परंतु दरवर्षीची सरासरी आधीच्या वर्षाहून वर सरकत होती. हा चढता आलेख पुढे ‘कीलिंग वक्र’ म्हणून प्रसिद्ध झाला.

हे काम सोपे नव्हते. नित्याच्या मोजमापात नवे संशोधन कोणते, हा प्रश्न त्यांना निधीसाठी वारंवार झेलावा लागला. १९६४ मध्ये पैशाअभावी काही काळ नोंदी थांबल्या. आलेखातील ती रिकामी जागा कायमची राहिली, कारण गेलेल्या दिवसाची हवा पुन्हा मोजता येत नाही. पण कीलिंग यांनी चिकाटी सोडली नाही.

२० जून २००५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा हे प्रमाण ३८० भागांच्या घरात पोहोचले होते. त्यांचे पुत्र राल्फ यांनी हा वसा पुढे चालविला. २०२२ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकाने वेधशाळेचा रस्ता व वीज तुटली, तेव्हा शेजारच्या मौना केआ पर्वतावरून मोजणी चालू ठेवण्यात आली. मे २०२५ मध्ये मासिक सरासरीने ४३० भागांचा टप्पा ओलांडला. हे सारे आकडे त्याच वहीत नोंदले गेले आहेत.